जबड्याचे हाड झिजल्यावर कृत्रिम दात बसवता येतात का?

म्हापशातील आपल्या आईंची खालची कवळी, हाड झिजल्यामुळे, पाव चावतानाही उचलली जाते, असे आपण लिहिले आहे. सीबीसीटी स्कॅनने (जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा क्ष-किरण स्कॅन) हाडाची उंची व रुंदी आधी मोजून घ्यावी. हनुवटीजवळचे हाड बहुधा टिकून असते, म्हणून तेथे दोनच इम्प्लांट (हाडात रोवायचे स्क्रूसारखे खुंट) बसवून त्यांवर कवळी टिचबटणासारखी अडकवता येते, आणि वयस्करांसाठी मला हाच मार्ग सर्वांत सुसह्य वाटतो. हाड फारच कमी असल्यास हाडाचे कलम करतात, म्हणजे कमी पडलेल्या जागी हाड भरतात. ते जुळण्यास अनेक महिने लागतात. वरच्या जबड्यासाठी सायनस लिफ्ट (दाढांवरच्या पोकळीचा तळ उचलून तेथे हाड भरणे) किंवा गालाच्या हाडातील झायगोमॅटिक इम्प्लांट असतात. मधुमेह किंवा हाडांच्या ठिसूळपणावरची औषधे चालू असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. तपासणीसाठी बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय आहेच.