पन्हाळ्यावर राहायला जावं का?

प्रश्न : आम्ही ३० वर्षं राजारामपुरीत राहतोय. मिस्टर मार्चमध्ये रिटायर झाले, मुलगी पुण्यात. पन्हाळ्यावर एक जुनं कौलारू घर विकायला आहे, मागं झाडी, पुढं दरी, आम्ही मे महिन्यात बघून आलो आणि मिस्टर तर टोकन द्यायला निघालेत. शांत आहे, हवा चांगली आहे, पण ८१ वर्षांच्या सासूबाई सोबत असणार आणि आमचा मोती पण. काय करावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, टोकन थांबवा. जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही, पण मे महिन्यात बघितलेलं घर म्हणजे अर्धंच बघितलेलं घर. आधी जुलै-ऑगस्ट तिथं भाड्यानं राहा आणि मग ठरवा.

मी एक अख्खा आषाढ आत्याकडं गडावर काढलाय. आठ-आठ दिवस ऊन नाही, दार उघडलं की धुकं सरळ स्वयंपाकघरात, मीठ पाझरतंय, चपलांना बुरशी, आणि दोरीवरचा टॉवेल चौथ्या दिवशी पण ओलाच. आत्या काडेपेटी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवायची, का ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं, बाहेर ठेवलेल्या पेटीतल्या सात काड्या ओढल्या तरी एक पेटली नाही. १६६० च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून विशाळगडाकडं निघाले ते आपण शाळेत वाचलेलं असतं, पण तो पाऊस काय असेल हे रात्री कौलांवरचा आवाज ऐकताना समजतं. आणि खरं सांगू का, त्याच महिन्यात मी गडाच्या प्रेमात पडलो. पाऊस जरा थांबला की पागोळ्यांचा आवाज आणि लांब कुठंतरी मोर, बाकी काही नाही.

आता सासूबाईंचं. कोल्हापूर २० किलोमीटरच, पण पंचगंगेला पूर आला की रत्नागिरी रोडवर केर्लीजवळ पाणी येतं, आणि २०२१ च्या जुलैत तर गडावर चढणारा मुख्य रस्ताच खचला होता. म्हणजे कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर नेमके गरजेच्या दिवशी लांब पडू शकतात. त्यांना दमा असेल किंवा गुडघे धरत असतील तर पावसाचे दोन महिने त्यांनी राजारामपुरीतच राहावं, म्हणून तो फ्लॅट एवढ्यात विकू नका, ही माझी कळकळीची विनंती.

घर पुढं दरी असलेलं आहे म्हणताय. गडाचा माथा जांभ्याचा, त्यात पाणी मुरतं आणि खाली उतारावर झिरपत राहतं, त्यामुळं कडेच्या भिंतीला चिरा आहेत का, जोत्याखालनं पाणी येतंय का हे भर पावसातच बघायचं, रंग मारलेल्या भिंतीवर उन्हाळ्यात काही दिसत नाही. आणखी एक, पन्हाळा हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरात परवानगी लागते, दुरुस्तीलासुद्धा विचारावं लागतं. तुमचं घर नेमकं कशात बसतं ते वकिलाकडनं लेखी घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर नको.

शांततेबद्दल म्हणाल तर ती सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी तीन दरवाजाकडं गाड्यांची रांग असते, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आल्यावर माणसं येणारच, आणि आपला गड बघायला ती यावीत असं मला मनापासनं वाटतं. गावाची वस्ती मात्र २०११ च्या जनगणनेत साडेतीन हजाराच्या आत होती, त्यामुळं महिन्याभरात सगळे तुम्हाला ओळखतील. एकदा आत्याला ताप आला आणि शेजारच्या काकू न सांगता तांदळाची पेज घेऊन आल्या, का तर सकाळी चुलीचा धूर दिसला नाही म्हणून. राजारामपुरीत वरच्या मजल्यावर कोण राहतंय हे आता आपल्याला माहीत नसतं.

वानरांना एक शेंगदाणासुद्धा टाकू नका, कौलं फुटतात ती तिथनंच. गवा दिसला तर जिथं आहात तिथंच थांबायचं, त्याला जायला वाट द्यायची, मोबाईल काढायचा नाही. आणि मोतीला दिवस मावळायच्या आत घरात घ्या, अंगणात साखळीला तर कधीच बांधू नका, आजूबाजूला बिबट्या आहे.