जेसन स्ट्रीटच्या आईवडिलांनी खटला भरला, ते योग्यच केले

प्रश्नकर्त्याने विचारले आहे की, ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या अमेरिकी मालिकेत सामन्यात मानेच्या मणक्याला इजा झालेल्या जेसन स्ट्रीट या शाळकरी फुटबॉलपटूचे कुटुंब कितपत खरे वाटते, आणि त्याच्या आईवडिलांनी त्याच्या संघाचे प्रशिक्षक टेलर यांच्यावर खटला भरणे हा कृतघ्नपणा नव्हता का. प्रश्नात हा शेवटचा शब्द नसता, तर मी कदाचित उत्तर लिहायला बसले नसते. तोच शब्द २००८ साली आमच्या घरात माझ्यासाठी वापरला गेला होता आणि तो मी आजवर विसरलेले नाही.

माझा धाकटा भाऊ त्या वर्षी बावीस वर्षांचा होता. आम्ही परळच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि तो आमच्या भागातील गोविंदा पथकात चौथ्या थरावर उभा राहत असे. गोपाळकाल्याच्या दुपारी तिसरा थर डगमगला आणि तो मानेवर पडला. मालिकेच्या पहिल्याच भागात जेसन मैदानावर कोसळतो, तेव्हा त्याची मान हलू नये म्हणून त्याला फळीवर बांधून रुग्णवाहिकेत नेतात. माझ्या भावाला त्याच्या मित्रांनी हातापायांना धरून उचलले आणि टेम्पोत घातले. ते सगळे रडत होते आणि त्यांच्यापैकी कोणालाही दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण मान स्थिर ठेवल्याशिवाय अशा माणसाला हलवायचे नसते, हे त्यांना कधी कोणी शिकवलेच नव्हते. मात्र ज्यांनी लाखांच्या बक्षिसाचे फलक लावून ती हंडी बांधली होती, त्यांनी तेथे एक प्रशिक्षित माणूस आणि एक स्ट्रेचर ठेवायला हवे होते, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

डॉक्टरांनी सी-६, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवरची इजा, असे सांगितले. त्याचा आमच्यापुरता अर्थ असा होता की खांदे आणि कोपर वाकवण्याची ताकद राहिली, मनगट वर उचलता येऊ लागले, पण बोटांची पकड गेली आणि छातीपासून खालचे सर्व गेले. त्यानंतर दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीची नळी, हवेची गादी, आखडणारे पाय हे आमचे घड्याळ झाले. आई गिरणगावातील जुन्या पद्धतीची खाणावळ चालवत असे. अपघातानंतर महिन्याभरात तिने सगळ्या डबेवाल्या मेंबरांना दुसरीकडे पाहायला सांगितले. एका रात्री भावाला घाम फुटला, चेहरा लाल झाला आणि डोके फुटेल असे तो ओरडू लागला. आम्हाला वाटले ताप चढला. आईने पांघरूण काढले तेव्हा नळी मांडीखाली दुमडलेली दिसली. मूत्राशय तुंबले की अशा रुग्णाचा रक्तदाब एकाएकी जिवावर बेतेल इतका चढतो, हे आम्हाला नंतर हाजी अलीच्या पुनर्वसन केंद्रात समजले. नळी सरळ करताच काही मिनिटांत तो शांत झाला. तेव्हापासून आई अंधारातही आधी नळी चाचपते आणि मगच दिवा लावते.

आता कृतघ्नपणाविषयी. अपघातानंतर तीन आठवड्यांनी आयोजकांची माणसे पंचवीस हजार रुपयांचे पाकीट आणि एक शाल घेऊन आली. पथकातील एकाही मुलाचा विमा उतरवलेला नव्हता. मी त्या वेळी एका पतपेढीत नोकरीला होते आणि ओळखीच्या वकिलांकडून आयोजकांना पाठवायच्या नोटिशीचा मसुदा करून आणला होता. माझे काका पथकाच्या जुन्या माणसांपैकी एक. त्यांनी तो कागद वाचला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, “गिरणी बंद पडली तेव्हा तुझ्या बापाच्या घरात धान्य कोणी भरलं? याच पोरांच्या बापांनी. आणि त्यांच्यावर तू वकील सोडतेस? हा कृतघ्नपणा आहे.” १९८२ च्या संपानंतर आमच्या घरी खरोखरच शेजाऱ्यांनी धान्य आणून दिले होते, त्यामुळे बाबांना त्यावर काही बोलता आले नाही. त्यांनी कागदाची घडी केली आणि देवघरातल्या फळीवर ठेवली. नोटीस गेली नाही. पुढे जिन्यावरून भावाला खाली उतरवायला प्रत्येक वेळी चार माणसे लागत आणि संडास गॅलरीच्या टोकाला होता, म्हणून पागडीची ती खोली विकून आम्ही बदलापूरला तळमजल्यावर गेलो. ज्या वस्तीचे उपकार मोडू नयेत म्हणून आम्ही गप्प बसलो, ती वस्तीच आम्हाला पैशांअभावी सोडावी लागली, हे काकांना मी अनेकदा सांगितले आहे.

ही मालिका मी २०१३ साली भावाबरोबर पाहिली. ती २००६ ते २०११ या काळात प्रसारित झाली आणि टेक्सासमधील डिलन या काल्पनिक गावात घडते, हे आपल्याला ठाऊक असेलच. तेथे फुटबॉल हाच गावाचा अभिमान आहे आणि जेसन त्या अभिमानाचा चेहरा आहे. म्हणूनच त्याचे आईवडील वकिलाकडे जातात तेव्हा गावाला तो आपल्यावरचा घाव वाटतो. प्रशिक्षक टेलर सज्जन आहेत आणि जेसनवर त्यांचा जीव आहे, हे मला मान्य आहे. परंतु प्रश्न ते वाईट आहेत का, हा नाहीच. ज्या संस्थेच्या नावाने तो मुलगा खेळत होता, तिने त्याच्या पुढच्या पन्नास वर्षांचा भार उचलायचा की नाही, हा आहे. कागदावर एका चांगल्या माणसाचे नाव लिहावे लागते, ही त्या कुटुंबाची वेदना आहे, लोभ नव्हे. जेसनची आई कठोर दिसते असे अनेकजण म्हणतात. घरात येणारी बिले तिने पाहिली आहेत आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनी ती पाहिलेली नाहीत.

कुटुंब खरे वाटते का, याचे उत्तर थोडक्यात असे. पुनर्वसन केंद्रातील खोलीतला जोडीदार हर्क हा सर्वांत खरा आहे. सहानुभूती न दाखवता काम शिकवणारी अशी माणसे आम्हालाही भेटली आणि त्यांनीच भावाला मनगटाच्या पट्ट्यात चमचा अडकवून जेवायला शिकवले. जेसन खेळतो ते चाकाच्या खुर्चीवरचे रग्बीही खरेच आहे. दोन्ही हात आणि पाय बाधित असलेल्यांसाठी तो खेळ १९७० च्या दशकात कॅनडात निघाला आणि २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकपासून पदकांचा खेळ आहे. जेसन प्रायोगिक शस्त्रक्रियेसाठी मेक्सिकोला जातो, तो भाग काही समीक्षकांना अतिरंजित वाटला, मला मात्र तो अगदी जवळचा वाटला, कारण आमच्या आईनेही एका दवाखान्यातील स्टेमसेलच्या (मूळ पेशींच्या) इंजेक्शनांसाठी बांगड्या काढून ठेवल्या होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कण्याच्या इजेसाठी असे उपचार मंजूर संशोधन-चाचणीबाहेर करता येत नाहीत. आमच्या वेळी आम्हाला कोणी अडवले नाही. भावानेच नकार दिला. जेसनही शस्त्रक्रिया न करता परत येतो. मालिकेत कमी पडते ती रात्र. त्वचा, मूत्राशय, शौच आणि न झोपलेली आई यांना तिच्यात फारशी जागा मिळालेली नाही.

आपल्या घरात किंवा ओळखीत कोणी गोविंदा पथकात असेल, तर कृपया सरावाच्या पहिल्याच दिवशी विम्याचा कागद मागा. २०२२ साली राज्य शासनाने मृत्यूसाठी १० लाख आणि दोन्ही हात, पाय किंवा डोळे गमावल्यास साडेसात लाख रुपयांची मदत जाहीर केली, ही आमच्या वेळी नसलेली गोष्ट आहे. तरीही कागदावर अवयव ‘गमावणे’ म्हणजे काय, हे विचारा. माझ्या भावाचे दोन्ही पाय जागेवर आहेत. अर्धांगवायू आणि कायमचे पूर्ण अपंगत्व हे शब्द स्पष्ट लिहिलेले असावेत, यादीत मुलाचे नाव असावे आणि तिची प्रत घरी असावी. हे विचारल्यावर कोणी उपकारांची आठवण करून दिली, तर ते उपकार मान्य करा आणि कागद तरीही मागा.

एवढे लिहिल्यावर हेही सांगायला हवे की मी वकील नाही आणि अमेरिकेतील कायदा मला मालिकेतून दिसला तेवढाच माहीत आहे. ज्यांच्या घरी अपघात नुकताच झाला आहे, त्यांनी पहिल्या वर्षात ही मालिका पाहू नये. आम्हाला पाच वर्षांनंतरही पहिला भाग एका बैठकीत पुरा करता आला नाही. शिवाय माझा भाऊ माझ्याशी सहमत नाही. तो दर वर्षी गोपाळकाल्याला गाडी करून परळला जातो, काकांच्या शेजारी खुर्ची लावतो आणि थर मोजतो. खटल्याचा भाग पाहून झाल्यावर तो म्हणाला होता, “ताई, त्या प्रशिक्षकाच्या जागी मला आपले काकाच दिसत होते.” मी त्याला सांगितले की मलाही तेच दिसत होते, आणि तरीही मी नोटीस पाठवली असती.