अंक इथला, शिक्का परदेशी?

प्रश्न: प्रकाशक आपल्याच देशातला, पण मासिकाच्या अंकाच्या पाकिटावर शेजारच्या देशाचा टपाल शिक्का. असं का करतात?

उत्तर: याला रीमेलिंग म्हणतात. गठ्ठे ट्रकनं सीमेपलीकडे नेऊन तिथून पोस्ट करायचे, कारण तिथला परदेशी दर इथल्या देशी दरापेक्षा स्वस्त पडतो. आता गंमत बघा, 1874 साली जागतिक टपाल संघटना झाली तेव्हापासून तिकिटाचे पैसे टपाल पाठवणाऱ्या देशाकडेच राहायचे, ती वाटणाऱ्या देशाला काही नाही, मग 1969 च्या टोकियो अधिवेशनात टर्मिनल ड्यूज, म्हणजे वाटणाऱ्या देशाला द्यायचे पैसे, आले, पण तेही बरेचदा खर्चापेक्षा कमीच. म्हणून अशी टपाल अडवायची किंवा देशी दर वसूल करायची मुभा वाटणाऱ्या देशाला संघटनेच्या करारातच आहे. मला तरी हे रीमेलिंग पटत नाही, जिने चढून अंक देणारा पोस्टमन इथलाच असतो ना!