पार्सलवरचं नाव

"मॅडम, मला खरेदीचं व्यसन लागलंय का?"

रत्नागिरीत समुपदेशनाला येणाऱ्या बायकांच्या तोंडून हा प्रश्न अलीकडे वारंवार येतो. विचारणाऱ्या बहुतेक जणी पंचवीस ते चाळीसच्या असतात. साड्या-दागिन्यांबद्दल कुणी बोलत नाही. बोलणं असतं लिपस्टिक, काजळ, सीरम, क्रीम यांचं. एकेक रक्कम किरकोळ असते, १९९, २४९, ३४९, म्हणून ती घरात कुणाच्या डोळ्यावर येत नाही. महिन्याची बेरीज केली की मात्र दोन-अडीच हजार निघतात, आणि मग छातीत धस्स होतं.

आधी सरळ उत्तर. बहुतेक वेळा नाही, हे व्यसन नसतं. पण खरेदीसाठी उसनवारी सुरू झाली असेल, दागिना गहाण पडला असेल, घरच्यांच्या खात्यातून न सांगता पैसे जात असतील, तर घरगुती उपायांवर थांबू नका. झोप तीन-चार तासांवर आली आहे, तरी अंगात उत्साह मावत नाही आणि हजारोंची खरेदी एका रात्रीत होते, असं असेल तर समुपदेशकाकडेही नको, थेट मनोविकारतज्ज्ञाकडे जा. तिथे खरेदी हे नुसतं लक्षण असतं.

उरलेल्या बहुसंख्य जणींसाठी एक गोष्ट सांगते. दोन-तीन जणींच्या हकिकती एकत्र करून ती एकीची केली आहे. तिचं नाव इथे देता येत नाही, आणि पुढे कळेल की या गोष्टीत नाव हाच मुद्दा आहे.

वय एकतीस. किनाऱ्यालगतच्या एका वाडीत सासर, नवरा बोटीवर, सहा-सात महिने घराबाहेर. घरात सासू-सासरे आणि पाच वर्षांचा मुलगा. नोकरी एका पतसंस्थेच्या काउंटरवर. पहिल्या भेटीत ती म्हणाली, "सगळं एकदा समुद्रात टाकून द्यावंसं वाटतं."

टाकायचं नाही, हीच पहिली सूचना होती. संतापाने डबा रिकामा केला की रिकामा डबा टोचायला लागतो, आणि दोन-तीन आठवड्यांत तो दुप्पट वेगाने भरतो. 'आजपासून एकही वस्तू घेणार नाही' ही शपथही तशीच मोडते. तिला सांगितलं, घरात जे आहे ते सगळं गोधडीवर मांडा आणि फक्त मोजा.

मोजणी झाली. ६४ वस्तू. १९ लिपस्टिक, त्यातल्या ११ विटकरी. पाकिटावर अकरा वेगळी नावं, ओठावर एकच रंग. काजळ ६. फाउंडेशन ४, चारही तिच्या रंगापेक्षा दोन शेड उजळ. सीरम ७, क्रीम-लोशन ९, बाकी नेलपेंट, पावडरी, ब्रश. आणि नऊ पार्सलं न उघडलेली. ते नऊ तिने सगळ्यात शेवटी, खाली बघत सांगितले.

एक हिशेब तिथेच करून दाखवला. लिपस्टिकच्या एका कांडीत साडेतीन-चार ग्रॅम माल असतो. रोज लावली तर ती चार-पाच महिने पुरते. अकरा विटकरी कांड्या म्हणजे जवळजवळ चार वर्षांचा साठा. पाकिटावर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात १२ एम किंवा २४ एम लिहिलेलं असतं; उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू वापरायची. म्हणजे निम्म्या कांड्या वापरण्याआधीच जुन्या होणार. हे चित्र बहुतेकींनी पाहिलेलं असतं, वाचलेलं नसतं. त्यामुळे पहिलं काम हे: प्रत्येक वस्तूवर कागदी पट्टी चिकटवून उघडल्याचा महिना लिहायचा.

तारखेपेक्षा कोकणातली हवा जास्त खरं बोलते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथे मेकअपचा स्पंज कसा वाळेल? आतून काळे ठिपके दिसले की ती बुरशी. धुऊन जात नाही, स्पंज फेकायचा. पावसाळ्यात स्पंज वापरूच नये, बोटं पुरतात. ब्रश धुतल्यावर उभा ठेवला तर पाणी दांड्यात उतरतं आणि केस सुटतात. तो आडवा, केसांकडे थोडा उतार देऊन वाळवायचा. लिपस्टिकला उन्हाळ्यात घामासारखे थेंब सुटले तर घाबरू नका, तेल वर आलेलं असतं. खवट वास आला तर मात्र ती गेली. व्हिटॅमिन सीचं सीरम तपकिरी झालं की निकामी. मस्कारा तीन महिने, फार तर सहा, कारण तो डोळ्याशी जातो आणि कांडी आतबाहेर करताना जंतूंनाही आत नेतो. दुसरीचं काजळ वापरायचं नाही, सख्ख्या बहिणीचंही नाही.

या चाळणीतून तिच्या ६४पैकी १७ वस्तू बाद झाल्या. त्या तिने स्वतः टाकल्या, शांतपणे.

मग चेहऱ्याची पाळी. तिला साध्या पाण्यानेही चुरचुरत होतं. कारण समोरच होतं: एकाच रात्री सॅलिसिलिक आणि ग्लायकॉलिक (दोन्ही त्वचा सोलणारी आम्लं), रेटिनॉल आणि वर नायसिनामाइड, अशी सगळी सीरमं. यातलं प्रत्येक आपापल्या जागी ठीक आहे, पण सगळं एकदम लावलं की त्वचेचा वरचा संरक्षक थर झिजतो, ती लाल होते, आणि लाली लपवायला आणखी फाउंडेशन लागतं. बाजार असा स्वतःचंच गिऱ्हाईक तयार करतो. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. तेवढे दिवस तीनच गोष्टी: रात्री सौम्य फेसवॉश, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. त्यानंतर हवं तर एक सीरम, एकच, आधी कानामागे दोन दिवस लावून बघून. दुसरं आणायचं तर दोन आठवडे थांबून, म्हणजे त्रास झाला तर गुन्हेगार कोण ते कळतं.

(इथे एक गंभीर कंस. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेलं 'गोरं करणारं' क्रीम महिनोन्‌महिने लावत असाल तर ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. मनाने सुरू ठेवू नका आणि मनाने एकदम बंदही करू नका. बंद केल्यावर चेहरा भडकतो. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.)

सनस्क्रीनबद्दल किनाऱ्यावरच्या बायकांशी हटकून वाद होतो. "मी लावते की!" किती? तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून बुडापर्यंत दोन रेघा, एवढं चेहरा आणि मान मिळून. ते साधारण एक ग्रॅम भरतं. म्हणजे दिवसातून एकदा लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दीड-पावणेदोन महिन्यांत संपायला हवी. तुमची सहा महिने पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीनचा नुसता वास घेताय. तिच्या ६४ वस्तूंत सनस्क्रीन एक होतं, आणि ते जवळजवळ भरलेलं.

एवढं सगळं होऊनही पार्सलं थांबली नव्हती. कमी झाली, थांबली नाहीत.

विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे मनातल्या हट्टी समजुती शोधून, काम करणाऱ्या समुपदेशकाचे कान एका अक्षरावर असतात: 'च'. 'चांगलं दिसावं' ही इच्छा असते, 'चांगलं दिसलंच पाहिजे' हा हट्ट असतो, आणि बहुतेक दुखणी त्या 'च'मध्ये असतात. इथेही तोच असणार, असा माझा अंदाज होता. म्हणून तिला वहीत तीन रकाने आखायला सांगितले: मागवलं कधी, त्याआधी काय चाललं होतं, आणि आल्यावर उघडलं का.

चार आठवड्यांनी वही आली आणि अंदाज चुकला. लग्नसमारंभाच्या, हळदीकुंकवाच्या आधी ऑर्डर नव्हतीच. सगळ्या रात्री साडेदहानंतरच्या, मुलगा झोपल्यावर. त्यातही बोटीवर नेटवर्क नसल्याने नवऱ्याचा फोन आला नव्हता, त्या रात्रींच्या. आणि तिसऱ्या रकान्यात ओळीने 'नाही, नाही, नाही'. ज्या बाईला चेहऱ्यासाठी वस्तू हवी असते, ती पार्सल फाडून उघडते.

"उघडायचं नव्हतं, तर मागवलं कशाला?"

"माहीत नाही."

"बरं, पार्सल येतं तेव्हा काय होतं? अगदी पहिल्यापासून सांगा."

"काय होणार? तो मुलगा येतो, गडग्यापाशी गाडी लावतो. हाक मारतो. मी ओटीवरून उतरते. ओटीपी सांगते. घेते."

"काय म्हणून हाक मारतो?"

ती थांबली. बराच वेळ थांबली. समुपदेशनात शांतता भरून काढायची घाई करायची नसते. हे शिकायला वर्षं जातात.

"नाव घेतो," ती म्हणाली. "माझं. माहेरचं. अ‍ॅपवर लग्नाआधीपासून तेच आहे, बदललंच नाही मी." मग एका दमात: "घरात 'गो' म्हणतात. वाडीत सगळे वहिनी. पतसंस्थेत मॅडम. मुलाची मी आई. हे फोनवर 'काय गो, जेवलीस?' असंच म्हणतात. लग्नात नाव बदललं, ते नवं नावही कोण घेत नाही. एकदा मी ड्युटीवर असताना पार्सल आलं. त्याने शेजारच्या काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, या नावाचं इथे कोणी राहत नाही."

आणि मग ती रडली.

दोनशे रुपयांत आपलं नाव कुणीतरी मोठ्याने घेतं. लिपस्टिक त्या हाकेबरोबर फुकट येते. हे एकदा दिसल्यावर 'मला काय झालंय?' हा प्रश्न गळून पडला, कारण झालेलं काही वेडगळ नव्हतं. तिची भूक बरोबर होती, भागवायची जागा चुकत होती. 'च'ही सापडला, पण भलत्याच ठिकाणी: 'सासरी आलेल्या बाईने नाव विसरलंच पाहिजे.' हा हट्ट तिचा नव्हता, तिच्या अंगावर घातलेला होता. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हेही तिला प्रथमच कळलं.

पुढचं काम दोन बाजूंनी झालं. एक बाजू फोनची. अ‍ॅप काढून टाकलं. लागेल तेव्हा पुन्हा टाकायचं, त्या खटपटीतच निम्मी ऑर्डर मरते. पैसे भरण्यासाठी साठवलेलं कार्ड पुसलं. हवीशी वाटलेली वस्तू वहीत तारखेसह लिहायची आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दिवसाउजेडी, यादी वाचायची. तिने लिहिलेल्या चौदांपैकी त्या दिवशी हवीशी वाटली एक. 'आणखी १५० रुपयांचं घ्या, डिलिव्हरी मोफत' ही ओळ दिसली की ४० रुपये डिलिव्हरीचे भरून मोकळं व्हायचं. आणि नियम एक: एक कांडी संपल्याशिवाय त्या जातीची दुसरी नाही.

रोजचा मेकअप सात मिनिटांत बसवला, घड्याळ लावून. सनस्क्रीन, दहा मिनिटं केस-साडीला (ती सातांत धरलेली नाहीत), मग कपाळ-नाक-हनुवटीवर पावडर, काजळ, विटकरी लिपस्टिक, तीच बोटाने टिपून गालांवर, टिकली. आपल्या दमट हवेत चेहराभर फाउंडेशन अकराच्या आत ओघळतं. गणपती, लग्नकार्य असेल तेव्हा डागांपुरतं ठिपके देऊन टिपायचं. शेड बघायची ती जबड्यावर, दारात उजेडात उभं राहून. हातावर नाही, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही. रात्री काजळ काढायला खोबरेल तेलाचे दोन थेंब कापसावर, वेगळ्या रिमूव्हरची गरज नाही. फक्त नंतर चेहरा धुवायचा, पुटकुळ्या येणाऱ्या त्वचेवर तेल ठेवायचं नाही.

दुसरी बाजू नावाची. पोस्टात तिच्या नावाचं आवर्ती खातं. महिन्याला किमान १०० रुपयांपासून उघडतं, पाच वर्षांचं असतं. तिने हजाराचं उघडलं. शहरातल्या जिल्हा नगर वाचनालयाचं सभासदत्व. १८२८ सालचं वाचनालय आहे, आणि पुस्तक घेताना नाव सांगावंच लागतं. सासूबाईंना एका भेटीला बोलावलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "मला तरी कोण नावाने हाक मारतं?" त्यावर मला काही सुचलं नाही. त्या अजून 'गो'च म्हणतात. मात्र कधीतरी, बाहेरच्या माणसासमोर, नावही घेतात.

शेवटच्या भेटीपर्यंत तीन महिन्यांत एक पार्सल आलं होतं, सनस्क्रीनचं. कुरिअरच्या मुलाने विचारलं म्हणे, "ताई, गावाला गेला होतात का?" वस्तू २३ उरल्या होत्या, विटकरी कांड्या चार.

पतसंस्थेत काउंटरवर नावाची पट्टी लावून मागायचं तिने स्वतः ठरवलं होतं. आडनाव कुठलं घालायचं, असं साहेबांनी विचारलं. तिने नुसतं नाव घालायला सांगितलं, जन्मापासूनचं.