पुलावरचा आकडा : दोन की सात?

प्रश्न : आम्ही मित्र सह्याद्रीतले किल्ले फिरतो. एका गडाच्या माथ्यावर कातळात कोरलेलं लहानसं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध टिंब दिसलं. हाच बेंचमार्क का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : नाही. बेंचमार्क म्हणजे उंची नेमकी मोजून ठेवलेली खूण. हे त्रिकोणमापनाचं, म्हणजे कोन मोजून जागा ठरवण्याचं, स्थान असावं. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ जी मोजणी सुरू केली, तिची साखळी अशा माथ्यांवरून पुढे सरकत गेली. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये लॅम्बटन वारले, ते आपल्या हिंगणघाटला. या खुणांवर थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) लावून कोन घेत. तिथली उंचीही उभ्या कोनांवरून काढलेली असते, म्हणून पाण्याची पातळी ठरवण्याच्या कामाला ती घेऊ नये. टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या सविस्तर नकाशावर, ही खूण त्रिकोणाने दाखवतात, बेंचमार्कपुढे मात्र ‘बीएम’ लिहितात. खुणेवर दगडांची रास रचलेली असेल तर ती विस्कटू नका.

प्रश्न : काका, आमच्या गावात झऱ्याचं पाणी उताराने टाकीत आणायची योजना चालू आहे. झऱ्याची पातळी नाल्यावरच्या जुन्या दगडी पुलापासून काढली आणि टाकीची शाळेजवळच्या कालव्याच्या बीएमवरून. पुलाच्या बाहेरच्या अंगाला, कठड्याच्या दीड मीटर खाली, दगडाची पट्टी पुढे आली आहे. तिच्यावर जी, टी, एस ही इंग्रजी अक्षरं, एक चौकोन आणि शेजारी रंगवलेला पुसट आकडा आहे. ठेकेदाराचा माणूस तो ६१७.४० वाचतो, आमच्या जुन्या वहीत ६१२.४० आहे. खाली घाणेरीचं रान आणि तीन मीटर खोल नाला. खरं कसं ठरवायचं? फोनमध्ये उंची दिसते, ती चालेल का?
– ग्रामपंचायत सदस्या, अकोले तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्राने मला झोप लागली नाही. पाच मीटर म्हणजे अर्धा किलो दाब. ६१७ धरून पाइपचा व्यास ठरवला आणि खरी पातळी ६१२ निघाली, तर शेवटच्या वस्तीत नळ कोरडे राहतील. पाइप पुरण्याआधी विचारलंत, फार बरं केलंत.

फोनचं आधी बाजूला ठेवू. कित्येक फोन उपग्रहाच्या हिशेबातली उंची दाखवतात आणि महाराष्ट्रात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा पन्नास मीटरांहून जास्त वेगळी असते. शिवाय तिची स्वतःची चूकही काही मीटरांची असते. तुमचा वादच पाच मीटरांचा आहे.

आता दगड. जीटीएस (ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे) ही खूण भारतीय सर्वेक्षण विभागाची. बहुतेक अशा खुणांवर उंची कोरलेली नसते, ती विभागाच्या नोंदीत असते. म्हणजे शेजारी रंगवलेला आकडा नंतर कोणीतरी, बहुधा एखाद्या खात्याने, आपल्या सोयीसाठी लिहिला आहे. खूण अस्सल असली तरी आकडा ऐकीव असू शकतो. विभागाकडे टोपोशीटचा क्रमांक, गाव आणि पुलाची जागा देऊन अर्ज करा आणि नोंदीतली उंची मागवा. जुनी नोंद फुटांत मिळाली तर ०.३०४८ ने गुणा. तुमच्या वहीतला आकडा खरा असेल, तर फुटांत तो साधारण २००९.२ यायला हवा.

आकडा वाचायचाच असेल तर दुपारी जाऊ नका. कालव्याच्या मोजणीवर असताना एका विहिरीच्या कठड्यावरचा बीएम मी भर उन्हात वाचला आणि आठाचा तीन केला. दोन किलोमीटर लाइन ओढून, म्हणजे टप्प्याटप्प्याने पातळी मोजत, पुढच्या बीएमवर आलो, तर फरक नेमका पाच मीटर. आमच्याबरोबरच्या खलाशी (मोजणीतले मदतनीस) मामांनी वहीकडे बघितलंही नाही. अंधार पडल्यावर मला परत विहिरीवर नेलं, लोट्यातलं पाणी दगडावर हलकेच सोडलं आणि बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. खाचांत पाणी चमकत राहिलं आणि आठाची दोन्ही पोटं स्पष्ट दिसली. तेव्हापासून मी दगड तिरप्या उजेडातच वाचतो. रंगाच्या आकड्यालाही हाच उपाय, कारण पापुद्रे उडाले तरी उरलेल्या रंगाची कड सावली धरते. तारेचा ब्रश, ॲसिड यांतलं काहीही वापरू नका. पुसट अक्षरांवरून नवा रंग तर मुळीच फिरवू नका. चुकीचा आकडा ठळक झाला की पुढची तीस वर्षं लोक तोच उचलतात.

त्या दिवशीची मामांची खूणगाठ तुम्हालाही देतो. फरक नेमका एक, पाच किंवा दहा मीटर असेल तर वाचण्यात किंवा लिहिण्यात चूक झालेली असते. सदतीस मिलिमीटरसारखा अडनिडा फरक आला, तर दगड हलला असेल किंवा लेव्हलिंगमध्ये (पातळी मोजण्यात) गफलत असेल.

तरी नुसता आकडा वाचता आला म्हणजे बीएम तपासला असं होत नाही. त्यासाठी दुसरी खूण गाठावी लागते आणि तुमच्याकडे ती शाळेजवळ आहेच. नाल्यातलं पाणी आटू द्या, घाणेरी तोडून घ्या. पुलावरून कोणी कठड्याबाहेर उतरू नये. चार मीटरचा स्टाफ (आकडे आखलेली मोजपट्टी) वरून सरळ खाली सोडा. एकाने नाल्यात उभं राहून स्टाफचं बूड चौकोनाच्या मध्यावरच टेकलंय ना, हे बघायचं. या कामात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, स्टाफ दोन बोटं सरकून पट्टीच्या झिजलेल्या कडेवर बसतो. स्टाफला बबल (तो सरळ उभा आहे का ते दाखवणारा बुडबुडा) नसेल तर तो हळूच पुढे-मागे डोलवायचा आणि सगळ्यात कमी येईल ते रीडिंग घ्यायचं. ही पहिली बॅकसाइट, म्हणजे मागच्या, उंची माहीत असलेल्या खुणेवरचं रीडिंग.

तिथून लगेच देवळाच्या दगडी पायरीवर एक टीबीएम (तात्पुरता बेंचमार्क) करून ठेवा, म्हणजे पुन्हा नाल्यात उतरावं लागणार नाही. मग ऑटो लेव्हलने (आडवी नजर धरणाऱ्या दुर्बिणीने) शाळेच्या बीएमपर्यंत जा आणि त्याच दिवशी परत या. प्रत्येक ठिकाणी बॅकसाइट आणि फोरसाइटची (पुढच्या जागेवरच्या रीडिंगची) अंतरं सारखी ठेवा. एकूण फेरी चार किलोमीटरची धरली तर साधारण कामाला ४८ मिलिमीटरपर्यंत चूक चालते (२४ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ). पाच मीटरांचा निकाल त्यात सहज लागतो.

समजा दोन्ही खुणा एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर कोणती खोटी हे दोघींवरून कळणार नाही. तेव्हा नकाशावरचा तिसरा बीएम शोधा. कालव्याचा बीएम मला जास्त संशयास्पद वाटतो, कारण भरावावरचे दगड खचतात. पुलाचा पाया मात्र बहुधा कातळावर असतो.

आणि तुमच्या पाइपला समुद्रसपाटी लागतच नाही. झरा आणि टाकी यांतला फरक तेवढा लागतो. म्हणून याच फेरीत झऱ्याच्या तोंडाचं आणि टाकीच्या इनलेटचं रीडिंग घ्या. एकाच लाइनवर दोन्ही आले की व्यासाचा हिशेब त्याच दिवशी नव्याने मांडता येईल, अर्जाच्या उत्तराची वाट बघावी लागणार नाही. ठेकेदाराच्या माणसालाही बरोबर घ्या, रीडिंग त्यानेही वहीत उतरवू दे.

नागपूरच्या झिरो माइलजवळचा १९०७ सालचा बेंचमार्क १०२०.१७१ फूट, असा फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदलेला आहे. ज्यांनी इतक्या बारकाईने मोजलं त्यांचीच खूण तुमच्या पुलावर आहे. योजना झाली की तिच्याभोवती चुना-रंग लागू देऊ नका, एवढी ग्रामपंचायतीला विनंती करा.

परतीची फेरी झाली की फील्ड बुकच्या पानांचे फोटो पाठवा. बेरजा मी तपासून देतो.