पहिलं वर्ष एकाच पद्धतीला दे

सप्रेम आशीर्वाद.

अय्यंगार, अष्टांग विन्यास, शिवानंद, यिन, विनियोग अशी नावं वाचून डोकं गरगरलं आणि यातली खरी पद्धत कोणती, असं तू विचारलंस. त्या प्रश्नात फार गुंतू नकोस. शरीर, श्वास आणि लक्ष या तिन्हींपैकी कोणती पद्धत आधी कशाला हात घालते, एवढं पाहिलंस तरी निवड सोपी होईल. बाकीचे बरेचसे फरक वर्गातल्या शिस्तीचे असतात.

आधी थोडं मुळाकडे जाऊ, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाला जेमतेम तीन सूत्रं मिळाली आहेत (२.४६ ते २.४८). आसन स्थिर आणि सुखाचं असावं, प्रयत्न सैल करून आणि चित्त अनंताकडे लावून ते साधतं, आणि साधलं की थंडी-ऊन, सुख-दुःख अशी द्वंद्वं त्रास देत नाहीत. या सूत्रांत एकाही आसनाचं नाव नाही. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात स्वात्मारामांनी पंधरा आसनं सांगितली, त्यातली बरीचशी बसून करायची. नंतरच्या घेरंडसंहिता या ग्रंथात ती बत्तीस झाली. सूर्यनमस्कार आणि त्रिकोणासन यांचा या दोन्ही यादींत पत्ता नाही. आज वर्गात चालतो तो उभ्या आसनांचा आणि नमस्कारांचा क्रम मुख्यतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडला. म्हैसूरला योगगुरू कृष्णमाचार्यांची योगशाळा होती, औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार केला, आणि लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंदांनी आसन-प्राणायामाचे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला घेतले. क्रम अर्वाचीन आहे म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. पण कुणी त्याला पाच हजार वर्षांचा म्हणू लागलं, तर मान डोलावू नकोस.

तत्त्वज्ञानातही दोन वाटा ध्यानात ठेव. पतंजली सांख्य दर्शनाच्या अंगाने जातात: चित्ताच्या वृत्ती थांबल्या की द्रष्टा, म्हणजे पाहणारा आत्मा, प्रकृतीपासून (शरीर-मनासकट सगळ्या सृष्टीपासून) वेगळा उमगतो, आणि शेवट कैवल्यात, म्हणजे मुक्तीत. हठयोग्यांचा भर प्राणावर. प्राणवायू हलला की चित्त हलतं, म्हणून शरीर आणि श्वास हाताशी धरून मनापर्यंत जायचं. हठप्रदीपिका पहिल्याच श्लोकात स्वतःला राजयोगाकडे, म्हणजे ध्यान-समाधीकडे, चढायची शिडी म्हणवून घेते, म्हणजे भांडण नाही, सुरुवात वेगळी. व्यवहारात फरक असा पडतो की पहिल्या वाटेचे शिक्षक आसनं लवकर आवरून तुला ध्यानाला बसवतील, दुसऱ्या वाटेचे बंध (ठरावीक स्नायू आवळून धरणं), मुद्रा, प्राणायाम यांवर बरीच वर्षं घालवतील. तुला नेमकं काय हवंय हे माहीत नसेल, तर दोन्हींकडे अर्धवट राहशील.

आता पद्धतींकडे वळू. कृष्णमाचार्यांच्या हाताखाली शिकलेल्या तिघांनी तीन वेगळ्या पद्धती उभ्या केल्या, आणि त्या शेजारी ठेवून पाहिल्या की बाकीच्या ओळखायला सोप्या जातात.

बी. के. एस. अय्यंगारांनी (१९१८–२०१४) पुण्यात जी पद्धत घडवली, ती शरीराच्या रचनेपासून सुरू होते. टाच कुठे, गुडघ्याची वाटी कुठे, खांद्याचं पातं कुठे, याचा बारकाईने विचार. विटा, पट्टा, लोड, खुर्ची, दोर ही साधनं तिथे वापरतात, कारण कडक शरीरालाही आसनाचा योग्य आकार मिळावा. आसनात थांबणं जास्त, हालचाल कमी, आणि प्राणायाम आसनं बसल्यावर वेगळा शिकवतात.

पट्टाभि जोइसांचं अष्टांग विन्यास (आणि हे पतंजलींच्या आठ अंगांचं दुसरं नाव नव्हे, हे लक्षात घे) श्वास आणि हालचाल एकत्र बांधतं. क्रम ठरलेला, बहुतेक आसनांत पाच श्वास, घशात उज्जायीचा बारीक आवाज, दृष्टीसाठी नेमलेली जागा. म्हैसूर पद्धतीच्या वर्गात प्रत्येक जण आपापला क्रम स्वतः करतो, शिक्षक फिरून पाहतात, आणि एक आसन जमेपर्यंत पुढचं देत नाहीत. आठवड्यातून एक दिवस आणि पौर्णिमा-अमावास्येला सुट्टी.

कृष्णमाचार्यांचे चिरंजीव टी. के. व्ही. देशिकाचार यांनी उलट टोक गाठलं, तीच विनियोग पद्धत: आसन माणसाप्रमाणे बदलायचं, माणूस आसनाप्रमाणे नाही. हालचाल श्वासाबरोबर, पुनरावृत्ती जास्त, शिकवणं शक्यतो एकेकाला. आजारपणातून उठलेल्यांना किंवा वयस्कांना मी हीच वाट सुचवते.

ऋषिकेशच्या शिवानंद परंपरेत बारा मुख्य आसनं आणि मध्ये मध्ये शवासन. मुंगेरला स्वामी सत्यानंदांनी सांध्यांच्या पवनमुक्तासन मालिकेपासून सुरुवात करून योगनिद्रेला (पडून, जागं राहून घ्यायच्या विश्रांतीला) खूप जागा दिली. यिनमध्ये जमिनीवरच्या आसनांत स्नायू सैल सोडून तीन ते पाच मिनिटं थांबतात. ज्यांचे सांधे मुळातच जास्त सैल आहेत, त्यांनी तिथे जपून, कारण लांब ताणात थांबणं त्यांना आणखी सैल करतं. चाळीस अंशांपर्यंत तापवलेल्या खोलीतल्या वर्गांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. उष्णतेने स्नायू इतके मोकळे वाटतात की ताणाची मर्यादा कळेनाशी होते.

तू निवडणार कशी? लवकर कंटाळा येतो, अंगात रग भरपूर आणि एका जागी बसवत नाही, तर विन्यासाकडे ओढ वाटेल आणि तिथे टिकशीलही. पण दुखरी पाठ किंवा गुडघा घेऊन येत असशील तर आधी अय्यंगारांचा पाया घे. सगळ्यांत मोठी अट मात्र पद्धतीची नाही. वीस जणांत शिक्षकाची नजर तुझ्या पायांवर पडते का? पडत नसेल, तर नामांकित पद्धतही तुझ्या कामाची नाही. आणि पहिलं वर्ष मिसळ नको. सोमवारी यिन, बुधवारी विन्यास, शनिवारी दुसरंच, असं केलं की शरीराला प्रत्येक वेळी नवी सूचना मिळते आणि एकही मुरत नाही. अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला तरच तो पक्का होतो, असं सूत्र आहे (१.१४), आणि त्यातला 'खंड न पाडता' हा भाग लोक सोयीने विसरतात.

एक आसन जवळून दाखवते. त्रिकोणासन घे. पायांत साधारण साडेतीन फूट अंतर, उंची कमी असेल तर तीन. उजवं पाऊल ९० अंश बाहेर, डावं थोडं आत. उजव्या टाचेची रेषा डाव्या पावलाच्या कमानीला छेदावी. मांड्यांनी गुडघ्याच्या वाट्या वर ओढ, हात खांद्यांच्या पातळीत, आणि श्वास सोडत कमरेतून नाही तर उजव्या जांघेच्या घडीतून धड बाजूला लांब ने. उजवा हात नडगीवर किंवा विटेवर.

बिघडतं कुठे? हात जमिनीला टेकवायच्या नादात. तो टेकला की उजवी बरगडी आखडते, डावी वर फुगते, छाती जमिनीकडे वळते, आणि उजवा गुडघा अंगठ्याच्या आत झुकतो. कारण मांडी बाहेर फिरलेली नसते, आणि वजन पावलाच्या आतल्या कडेवर पडतं. उपाय साधा: वीट उंच घे, वाटी दुसऱ्या बोटाच्या दिशेला आण, आणि पाठ भिंतीला लावून पाहा. डावा खांदा आणि दोन्ही नितंब भिंतीला सहज लागतात का? लागत नसतील तर अजून वर ये. ज्यांचा गुडघा मागे वाकतो त्यांनी तो किंचित सैल ठेवावा, नाहीतर ताण स्नायूऐवजी सांध्यावर जातो. मान दुखत असेल तर वर न पाहता समोर पाहा. वीस ते तीस सेकंद, श्वास सहज. वर येताना डावी टाच दाबून श्वास घेत ये, हाताला ढकलू नकोस.

विन्यासात खांद्याची दुखापत बरेचदा होते ती चतुरंग दंडासनाने (जोर काढताना खाली उतरतो तशी स्थिती), कारण ते एका क्रमात कितीतरी वेळा येतं. कोपरं बाहेर फाकतात, खांदे कोपरांच्या खाली उतरतात, कंबर लोंबते, आणि भार खांद्याच्या पुढच्या बाजूवर येतो. कोपर ९० अंशांवर थांबव, ते शरीराजवळ ठेव. ताकद नसेल तर गुडघे टेकून कर. खांद्याच्या पुढे टोचू लागलं तर त्या दिवशी चतुरंग सोडून दे. पुढे वाकताना बैठकीच्या हाडाजवळ दुखलं तर तेही ताणून जाणारं दुखणं नव्हे, गुडघे वाकव आणि काही आठवडे तिथे ताण देऊ नकोस. पद्मासनात गुडघा दुखतो तो नितंबाचा सांधा पुरेसा बाहेर फिरत नाही म्हणून. गुडघ्याला वळायचं काम दिलं की ते त्याला फारसं झेपत नाही. हाताने गुडघा खाली दाबायचा नाही. उंच बैठकीवर मांडी घालून बस.

सर्वांगासन मात्र मानेच्या हिशेबाने ठरव. तीन-चार घड्या घातलेल्या घोंगड्या, खांदे त्यांच्या कडेजवळ, डोकं खाली जमिनीवर. मानेच्या मागे हवा राहिली पाहिजे. वर गेल्यावर मान फिरवायची नाही. उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर सर्वांगासन, शीर्षासन दोन्ही टाळायची.

आता प्राणायाम, कारण सगळ्यात जास्त घाई इथे होते. पहिला महिना शवासनात नुसता श्वास पाहा. नंतर नाडीशोधन: ताठ बसून उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी आणि अनामिकेने डावी, हाड संपतं तिथल्या मऊ भागावर हलकं दाबायचं. डावीने घे, उजवीने सोड, उजवीने घे, डावीने सोड, हे एक आवर्तन. चार मोजून घे, चार मोजून सोड, पाच मिनिटं. काही आठवड्यांनी चारला सहा, मग चारला आठ. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, स्वतःच्या मनाने नको. जुन्या ग्रंथांत कुंभकाच्या मात्रा सापडतील, पण त्याच हठप्रदीपिकेत सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायू, नाहीतर तो साधकालाच मारतो, असंही स्पष्ट लिहिलंय (२.१५). मात्रा जास्त झाली हे ओळखायचं कसं? पुढचा श्वास घाईने आत ओढला जातो, जबडा आवळतो, डोक्यात गरमी जाणवते. असं झालं की एक मोजणी खाली ये.

कपालभाती हठप्रदीपिकेत षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत येते. बाहेर टाकणं पोटाच्या झटक्याने, आत घेणं आपोआप. सेकंदाला एक, वीस झटके, मध्ये थांबून तीन फेऱ्या, एवढं नवशिक्याला पुरे. खांदे उडत असतील आणि तोंड वेडंवाकडं होत असेल तर झटका पोटातून नाही. जोरजोराने फार वेळ केलं की बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ते रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यामुळे, त्यात शक्ती जागी झाल्याचं काही नाही. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर ही क्रिया करायचीच नाही.

रोज पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, हा तुझा आकार धर. त्यात दहा मिनिटं सांधे आणि श्वास, पंचवीस मिनिटं आसनं (उभी आधी, मग मागे वाकणं, मग पुढे वाकणं आणि पीळ देणं), शेवटी शवासन आणि थोडं बसणं. पोट भरल्यावर साडेतीन ते चार तास जाऊ देत. शवासन वाचवून आसन वाढवू नकोस. सहा महिन्यांनी स्वतःला तपासायचं असेल, तर हात किती खाली पोचला हे पाहू नकोस. कठीण आसनात शिरताना श्वास तुटतो का, एवढंच पाहा. तुटत असेल तर ते आसन तुझ्यासाठी अजून मोठं आहे, आणि त्याचं सोपं रूप कर.

शिक्षकांकडे पहिल्या दिवशी जाताना जुनी दुखापत, शस्त्रक्रिया, औषधं, झोप, हे सगळं आधी सांग. ऐकून प्रश्न विचारणारा शिक्षक असेल तर तिथे राहा. न ऐकता सगळ्यांना एकच क्रम सांगणारा असेल, तर दुसरा वर्ग शोध. अंगाला हात लावून ताणून देणाऱ्याला 'नको' म्हणायचा हक्क तुझा आहे, तो पहिल्याच आठवड्यात वापरून पाहा, म्हणजे समोरची व्यक्ती त्यावर कशी वागते हेही कळेल.

कळावे.

ता.क. चटई घेताना जाडी पाहून भुलू नकोस. मऊ, जाड चटईवर पावलं बुडतात आणि उभ्या आसनांत तोल जातो. पातळ पण न घसरणारी घे. गुडघा टेकवायच्या वेळी खाली घडी घातलेलं घोंगडं पुरतं.