जेनेटिक अल्गोरिदमवर प्रोजेक्ट घेऊ का? आधी पप्पांचा फळा बघ

खानापूरहून तुझं पत्र आलं, दोनदा वाचलं. व्हीटीयूला (कर्नाटकचं तंत्रज्ञान विद्यापीठ) मेकॅनिकल, सहावं सेम संपत आलंय, फायनल इयरला गाइडनी जेनेटिक अल्गोरिदम (सजीवांच्या उत्क्रांतीसारखं पिढ्यानपिढ्या उत्तर सुधारत नेणारी कॉम्प्युटरची पद्धत) वापरून जॉब शॉप शेड्युलिंग, म्हणजे कुठला जॉब कुठल्या मशीनवर कधी हे ठरवणं, असा विषय सुचवलाय. पप्पा बेळगावच्या उद्यमबागला मशीन शॉपमध्ये सुपरवायझर, ते म्हणतात हे उत्क्रांती-बित्क्रांती बायोलॉजीवाल्यांचं काम, आमचा कामांचा क्रम लिहायचा फळा बरा आहे. मैत्रिणी सगळ्या डेटा सायन्सच्या क्लासला निघाल्यात. आणि तू विचारतेस, विषय घेऊ का, यात पुढं करिअर आहे का, एमटेक करू का.

विषय घे. पण पप्पांचं म्हणणं उडवून लावू नको, कारण तुझ्या प्रोजेक्टचा अर्धा जीव त्या फळ्यातच आहे.

पप्पा रोज सकाळी काय करतात ते आठव की. कुठला जॉब आधी सीएनसीवर, कुठला व्हीएमसीवर (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), कुठला हार्डनिंगला, म्हणजे धातू कडक करायला, बाहेर गेलाय आणि टेम्पो कधी परत आणणार, त्यात कुणाचा तरी 'अर्जंट आहे हो' म्हणून फोन, की खडूनं दोन ओळी पुसल्या, वरखाली केल्या. हेच शेड्युलिंग. आता नुसतं एक मशीन धर आणि २० जॉब, त्यांचे क्रम किती होतात माहितीये? आकडा १९ अंकी येतो. सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणारा कॉम्प्युटर लावलास तरी सगळे बघायला ७७ वर्षं लागतील, आणि खऱ्या शॉपमध्ये तर मशीनं अनेक. १९६३ साली फिशर आणि थॉम्प्सन यांनी १० जॉब, १० मशीनचं एक गणित छापलं होतं, त्यातलं सगळं काम संपायला लागणारा कमीत कमी वेळ ९३० हाच आहे हे पक्कं सिद्ध व्हायला १९८९ उजाडलं. सव्वीस वर्षं, दहा जॉबना!

म्हणून मग सगळे क्रम तपासायचा नाद सोडून लोक उत्क्रांतीकडे वळले. कल्पना साधी आहे, शंभरेक वेळापत्रकं कशीही बनवायची, प्रत्येकाला मार्क द्यायचे (सगळं काम किती वाजता संपतं, किती डिस्पॅच लेट होतात), बरी असतील ती ठेवायची, त्यांची आपसात सरमिसळ करायची, मधेच एखाद्यात थोडा बदल करायचा, आणि हेच पिढ्यानपिढ्या. अमेरिकेत जॉन हॉलंड यांचं यावरचं पुस्तक १९७५ चं, जर्मनीत रेखेनबर्ग आणि श्वेफेल साठच्या दशकातच अशाच वाटेनं निघाले होते. आणि आपल्याकडचं नाव हवं असेल तर कल्याणमॉय देब, आयआयटी कानपूरला असताना २००२ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एनएसजीए-टू नावाचा जेनेटिक अल्गोरिदम छापला, तो आजही जगभर वापरतात. लेट डिस्पॅच पण कमी हवेत आणि सेटिंग बदलणं पण कमी हवं, अशी दोन्हीकडून ओढाताण असली की तो कामाला येतो, म्हणजे थोडक्यात पप्पांची रोजची डोकेदुखी.

आता एक खाच सांगतो, व्हायवाला हमखास विचारतात. सहा जॉब घे. एक क्रम ३ १ ५ २ ६ ४, दुसरा ६ २ १ ४ ३ ५. मधोमध कापून पहिल्याचं पुढचं आणि दुसऱ्याचं मागचं जोडलंस तर ३ १ ५ ४ ३ ५ मिळतं. बघ नीट, ३ आणि ५ दोनदा आले, २ आणि ६ गायबच! असं वेळापत्रक फळ्यावर लिहिलंस तर पप्पा खडू फेकून मारतील. म्हणून पहिल्याचे ३ १ ५ ठेवायचे आणि उरलेले जॉब दुसऱ्यात ज्या क्रमानं येतात तसे भरायचे, ६ २ ४, झालं ३ १ ५ ६ २ ४. क्रम जपणारी अशी सरमिसळ का लागते हे स्वतःच्या हातानं कागदावर करून बघ, लायब्ररी डाउनलोड करून रन मारणारे ढीगभर असतात पण हे विचारलं की गप्प बसतात.

माझी एक फजिती पण सांगतो. नोकरीच्या काळात मी एका कारखान्यात प्लॅनिंगला होतो, तिथं आम्ही असलाच अल्गोरिदम बसवला. कागदावर वेळ मस्त कमी झाला, पण शॉपमध्ये कुणी ते वेळापत्रक पाळेना. कारण एक म्हणजे दुसऱ्या शिफ्टचा सेटर (जॉबसाठी मशीन जुळवून देणारा) एकच मशीन जाणत होता आणि हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे खरं तर आम्ही विचारलंच नव्हतं. दुसरं म्हणजे हा अल्गोरिदम फासे टाकत चालतो, रोज सकाळी रन केला की उत्तर वेगळं, काल ज्या जॉबचं फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) लावून ठेवलं तो आज चौथ्या नंबरला! तिसऱ्या दिवशी सुपरवायझरनं प्रिंटआउटवर चहाचा ग्लास ठेवला. मग आम्ही मार्क देताना 'कालच्यापेक्षा जास्त बदललं तर मार्क कापा' हे घातलं तेव्हा कुठं ते चाललं. तू हे पहिल्यापासून घाल.

आणि एक अप्रिय गोष्ट. दरवेळी उत्क्रांतीच जिंकेल असं नाही. गुगलचं ओआर-टूल्स हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातला सीपी-सॅट सॉल्व्हर (उत्क्रांती न वापरता गणितानं उत्तर शोधणारा) ते १९६३ चं गणित आज साध्या लॅपटॉपवर मिनिटभरात सोडवून सिद्ध पण करतो. तेव्हा प्रोजेक्टमध्ये तीन गोष्टी शेजारी ठेव, पप्पांचा फळा, सीपी-सॅट, आणि तुझा जेनेटिक अल्गोरिदम. तुझा हरला तर हरला म्हणून लिही, कुठं आणि का हरला तेही लिही. इंटरव्ह्यूला मी बसलो तर असलाच रिपोर्ट आधी उचलेन. मार्कांचं सूत्र वेडंवाकडं असेल, नियम विचित्र असतील, गणिताच्या चौकटीत बसत नसतील, तिथं उत्क्रांतीला वाव मिळतो.

तू पत्रात प्लॅनिंग आणि शेड्युलिंग एकच धरलंयस, तसं नाहीये. पायऱ्या ठरलेल्या असतात आणि त्या कधी, कुठल्या मशीनवर एवढंच बघायचं ते शेड्युलिंग, आणि मुळात पायऱ्या कुठल्या तेच कॉम्प्युटरनं शोधायचं ते प्लॅनिंग. त्यातही उत्क्रांती वापरतात, पूर्ण योजना न उत्क्रांत करता मधले टप्पे उत्क्रांत करायचे आणि दोन टप्प्यांमधलं अंतर साध्या प्लॅनरला सोडवायला द्यायचं, अशा पद्धतीचा एक प्लॅनर २०११ च्या आंतरराष्ट्रीय प्लॅनिंग स्पर्धेत वेळेच्या गटात पहिला आला होता. पण फायनल इयरला तू यात शिरू नको, शेड्युलिंगच भरपूर आहे.

करिअरचं म्हणशील तर 'जेनेटिक अल्गोरिदम इंजिनिअर' अशी जाहिरात शोधत बसलीस तर म्हातारी होशील. नाव असतं ऑपरेशन्स रिसर्च, सप्लाय चेन, प्रॉडक्शन प्लॅनिंग. विमान कंपन्यांच्या क्रू ड्युट्या, गोदामं, ट्रकचे रूट, आणि इथलंच म्हणशील तर चिकोडी-अथणीकडचा ऊस, तोडला की वजन आणि साखर दोन्ही उतरायला लागतात आणि कारखान्याच्या गेटवर ट्रॅक्टरांची रांग, तोडणीचा प्रोग्राम लावणं हे तुझ्या प्रोजेक्टसारखंच गणित. डेटा सायन्सचा क्लास वाईट नाही, पण पायथॉन तुला इथंही शिकावंच लागणार, वर एक खरा प्रश्न हातात राहतो. आणि कन्नड बोलायला लाग बाई, शॉपमध्ये माहिती कन्नडमधूनच निघते, राजकारण घरी ठेव.

एमटेक करायचं तर गेट ही प्रवेश परीक्षा दे, स्कोअर तीन वर्षं चालतो आणि तिथं कर्नाटक की महाराष्ट्र हा सीमाभागाचा प्रश्नच येत नाही. आयआयटी मुंबईला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्स रिसर्चचा वेगळा विभाग आहे, तो बघून ठेव. पण आधी वर्षभर नोकरी केलीस तरी चालेल, उलट बरंच.

आता लगेच करायचं काम एकच. पुढचे तीन आठवडे पप्पांना रोज फळ्याचे मोबाईलवर दोन फोटो काढून आणायला सांग, सकाळचा एक आणि सुट्टी व्हायच्या आधीचा एक. दोन्हीत काय बदललं आणि का बदललं ते जेवताना विचारून वहीत लिही. वही भरली की मला परत लिही, मग कोडचं बघू.